मिरचीच्या दिवसांतली नेमणूक

आज सकाळी अंगण झाडताना लागोपाठ पाच-सहा शिंका आल्या. मान वर करून पाहिलं तर समोरच्या गच्चीवर जुन्या साड्या अंथरून मिरची वाळत घातलेली. ब्रह्मपुरीत उन्हाळ्याची वर्दी नाकाला आधी मिळते. धानाची खाचरं, इथल्या भाषेत बांध्या, केव्हाच रिकामी झालेली असतात. आजूबाजूच्या खेड्यांतून जीपा आणि ट्रक भरभरून बाया-माणसं आंध्रात मिरची तोडायला गेलेली असतात. गावात उरतात म्हातारी माणसं आणि दारांवरची कुलुपं. मग महिना-दीड महिन्यानं ती माणसं परततात, तेव्हा प्रत्येकाबरोबर एखादं पोतं असतंच. बसच्या टपावर मिरची, काळीपिवळी जीपमध्ये पायाशी मिरची. आत बसलेले सगळे खोकतात, डोळे पुसतात आणि एकमेकांकडे पाहून हसतात.

माझं माहेर वर्ध्याचं. नोकरीनिमित्त इथे आले आणि इथलीच झाले. इथल्या एका कॉलेजात मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. त्या वर्षांतले बहुतेक उन्हाळे एकमेकांत मिसळून गेलेत. प्रॅक्टिकलच्या परीक्षा, पेपरांचे गठ्ठे, दुपारची कौलं तापल्याचा वास, सगळं सारखंच. एकच उन्हाळा वेगळा उभा राहतो, आणि तो मिरचीच्या ठसक्याबरोबरच येतो. नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हाचा.

आमच्या प्राचार्यांनी विद्यापीठाला वर्षानुवर्षं पत्रं लिहून एक पद मंजूर करून घेतलं होतं. विषय होता दृष्टिविज्ञान. डोळा बघतो कसा, मेंदूला ते कळतं कसं, कुणाला काय दिसतं आणि कुणाला काय दिसत नाही, याचा अभ्यास. प्राचार्य म्हणायचे, "आपल्याकडे डोळ्यांची शिबिरं येतात, ऑपरेशनं होतात, गाडी निघून जाते. इथे राहून इथल्या लोकांच्या नजरेचा अभ्यास करणारा एक तरी माणूस पाहिजे." स्टाफरूममध्ये लोक हसायचे. मीही हसले असेन.

पद मंजूर झालं, पण माणूस मिळेना. पहिल्या जाहिरातीला पुण्याहून एक गृहस्थ आले. त्यांनी लॉज पाहिला, प्रयोगशाळा पाहिली, चहा घेतला आणि नागपूरची पुढची बस किती वाजता आहे ते विचारलं. दुसऱ्या जाहिरातीला कोणीच आलं नाही. मार्चअखेरपर्यंत माणूस रुजू झाला नाही तर पद परत जाणार, असं विद्यापीठानं कळवलं. तिसऱ्या जाहिरातीला तीन अर्ज आले. त्यातला एक बंगलोरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेतून होता. डॉ. राजरत्न मेश्राम. मूळ गाव चिमूर तालुक्यातलं.

विभागप्रमुख म्हणून पत्रव्यवहार माझ्याकडे होता. मी त्याला मुलाखतीची तारीख कळवली आणि काही शंका असतील तर विचारा, असं लिहिलं. मला वाटलं, क्वार्टरचं विचारेल, उपकरणांचं विचारेल. त्याचं आंतरदेशीय पत्र आलं. त्यात एकच प्रश्न होता. पूर्ण काळोख करता येईल अशी एखादी खोली कॉलेजात आहे का?

अशी खोली नव्हती. हबीबभाई म्हणाले, "बाई, साहेबाले अंधारच पाहिजे ना? देऊन टाकू." हबीबभाई आमचे प्रयोगशाळेतले परिचर. त्यांच्या वडिलांचं बाजारात चष्म्याच्या काड्या आणि फ्रेमी दुरुस्त करायचं दुकान होतं, त्यामुळे बारीक कामात त्यांचा हात फार सफाईदार. त्यांनी तराजूंची जुनी खोली रिकामी केली. खिडक्यांना काळा कागद, कागदावर घोंगडी, दाराच्या फटींना सायकलच्या ट्यूबचे तुकडे. मग दार लावून ते आत उभे राहिले आणि मला बोलावलं. आम्ही दोघंही त्या काळोखात उभे होतो. मला स्वतःचा हात दिसत नव्हता. हबीबभाई समाधानानं म्हणाले, "आता बराबर झाला."

मुलाखतीच्या दिवशी मेश्राम सकाळच्या बसनं आला. तिशीचा, किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट घातलेला. शर्ट तपकिरी आणि पँट हिरवट, हे जुळत नाही असं माझ्या मनात आलं आणि मी ते विसरून गेले. समितीत प्राचार्य होते, संस्थेचे अध्यक्ष होते, विद्यापीठानं पाठवलेले एक वयस्कर तज्ज्ञ होते आणि मी. सुरुवातीचे प्रश्न नेहमीचेच झाले. मग तज्ज्ञांनी विचारलं, "तुम्ही या विषयाकडे कसे वळलात?"

तो म्हणाला, "मला लाल आणि हिरवा रंग वेगळे दिसत नाहीत सर. जन्मापासून."

 

"लहानपणी आईबरोबर आंध्रात मिरची तोडायला जायचो," तो सांगू लागला. "पिकलेली लाल तोडायची, हिरवी झाडावर ठेवायची. मला सगळी सारखीच दिसायची. आईनं मग मला शेजारच्या ओळीत घेतलं आणि हातानं ओळखायला शिकवलं. हिरवी मिरची ताठ असते, बोटांत कुरकुरते. पिकली की नरम पडते, साल जरा सैल होते. दोन दिवसांत मी बघायचं सोडून दिलं आणि चाचपून तोडायला लागलो. तेव्हापासून मला हा प्रश्न आहे, की दुसऱ्यांना नेमकं काय दिसतं."

तज्ज्ञांनी चष्मा काढला. "ही गोष्ट तुम्ही आधी सांगायला हवी होती."

"अर्जात लिहिली आहे सर. तिसऱ्या पानावर." मग तो अगदी शांतपणे म्हणाला, "आडनाव पहिल्या पानावर आहे, ते सगळ्यांनी वाचलं असेल. तिसरं पान राहून गेलं असेल."

त्यानं ते टोचून म्हटलं नव्हतं, पण मला टोचलं. तिसरं पान मीही वाचलं नव्हतं. आणि इथे एक कबूल केलं पाहिजे. माझ्यासमोरच्या यादीत त्याच्या नावापुढे मी पेन्सिलीनं 'नाही' असं लिहून टाकलं होतं. रंग न दिसणारा माणूस दृष्टी शिकवणार, हे मला त्या क्षणी भलतंच वाटलं होतं.

तज्ज्ञ उठले. म्हणाले, "प्रयोगशाळेत चला." हबीबभाईंनी हायड्रोजनची नळी लावली. तिच्या उजेडाकडे स्पेक्ट्रोमीटरमधून पाहिलं की काळ्या पट्टीवर रंगांच्या बारीक रेघा दिसतात. एक ठसठशीत लाल, एक निळसर हिरवी, एक जांभळी. बी.एस्सी.ची मुलं हा प्रयोग डोळे झाकून करतात.

मेश्राम स्टुलावर बसला, दुर्बिणीला डोळा लावला आणि हळूहळू फिरवत गेला. बराच वेळ लागला. मग तो म्हणाला, "इथे एक रेघ आहे. मला फार मंद दिसते, विझत आलेल्या निखाऱ्यावर राख बसावी तशी. तुम्ही हिला लाल म्हणता. माझ्यासाठी रंगांचा पट्टा तुमच्यापेक्षा अलीकडेच संपतो, त्यामुळे ही माझ्या अगदी काठावर आहे." त्यानं बाजूच्या मापकावर कोन वाचला आणि सांगितला. तज्ज्ञांनी स्वतः बसून पुन्हा वाचला. तोच आला.

"आता तुम्ही मला सांगा सर," मेश्राम म्हणाला, "तुम्हाला जी लाल दिसते, तीच या मॅडमना दिसते, हे तुम्हाला कसं माहीत आहे?"

तज्ज्ञ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी रुमालानं चष्मा पुसला आणि म्हणाले, "माहीत नाही." आणि पुढे म्हणाले, "मी चाळीस वर्षं शिकवतो आहे. हे मला कुणी विचारलं नव्हतं."

मी खोलीत परत आले आणि यादीतलं ते 'नाही' खोडलं. रबर नीट नव्हतं. कागद तिथे काळपट झाला.

निवड झाली. संध्याकाळी मी त्याला विचारलं, "बंगलोर सोडून इथे काय म्हणून येता?" समितीपुढची त्याची भाषा तेव्हा गळून पडली. म्हणाला, "मॅडम, तिकडे मशिनी हायेत. पण माह्यासारखे पोट्टे इथी हायेत. मास्तर त्यायले मारून राह्यले असतील, अन् काऊन मारते ते मास्तरलेही माहीत नाई."

सगळं झालं असं वाटत असतानाच ते अडलं. नोकरीवर रुजू व्हायच्या आधी डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. छापील फॉर्मवर उंची, वजन, छाती, नजर असे रकाने असतात, आणि त्यात एक रकाना रंगदृष्टीचा. मेश्राम चंद्रपूरला जाऊन आला. त्या रकान्यात लिहिलं होतं, 'सदोष'. खाली, 'अपात्र'. मार्च संपायला चार दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेले. नागभीड, सिंदेवाही, मूल करत बस चालली होती. दोन्ही बाजूंना वाळलेले बांबू आणि पानगळ झालेलं सागाचं रान. मी काळजीत होते, तो खिडकीतून बाहेर बघत होता. एकदम म्हणाला, "चितळं. सात-आठ आहेत." मला काही दिसेना. त्यानं बोट दाखवलं तरी दिसेना. मग एका चितळानं कान हलवला आणि सगळा कळप एकदम त्या वाळलेल्या पानांतून बाहेर आल्यासारखा झाला. तो म्हणाला, "रंगात रंग मिसळला की तुम्हाला फसायला होतं. मला आकारच दिसतो. लहानपणी रानात गुरं हरवली की मलेच धाडत."

डॉक्टर वाईट नव्हते. खुर्ची देऊन बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, "मी फॉर्म बदलू शकत नाही. पण या पदासाठी रंग ओळखणं आवश्यक नाही, असं कॉलेजनं लेखी दिलं तर मी पात्र लिहीन."

आम्ही आनंदानं परतलो. मी रात्रीच मजकूर तयार केला आणि सकाळी प्राचार्यांसमोर ठेवला. या पदाच्या कामास रंग ओळखण्याची आवश्यकता नाही. प्राचार्यांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "उद्या कोणी विचारलं तर? दृष्टिविज्ञानाच्या पदाला रंग लागत नाही असं लिहून दिलं, म्हणून माझी फाइल निघेल." तरी त्यांनी पेनाचं टोपण काढलं. इतकी वर्षं त्या पदासाठी झटलेला माणूस होता तो.

"सही नका करू सर," मेश्राम म्हणाला.

आम्ही त्याच्याकडे बघितलं.

"हे खोटं आहे. रंग लागतात. माझं निम्मं काम रंगांचंच आहे."

मला राग आला. इतका की मी उभी राहिले. "अहो, तीन दिवस राहिलेत. तुमच्यासाठीच चाललंय ना हे?"

"माहीत आहे मॅडम." तो खाली बघत होता. "पण मी आयुष्यभर हेच सांगत आलो, की लपवू नका, विचारा. लहान होतो तेव्हा खडू कोणता ते शेजारच्या पोराला विचारत होतो. बंगलोरला तारा जोडताना मित्राला विचारत होतो. इथं पहिल्याच कागदावर लपवलं, तर त्या पोरायले काय सांगू?"

प्राचार्यांनी पेन खाली ठेवलं. दारात हबीबभाई चहाचे कप घेऊन उभे होते. किती वेळचे उभे होते कुणास ठाऊक. ते म्हणाले, "मी सांगून देईन ना रंग. त्यात काय आहे? माहे डोळे तर ठीक हायेत."

मेश्राम हसला. त्या आठवड्यात पहिल्यांदाच. "हबीबभाऊ, रोज विचारीन. कटाळा येईल."

"येऊ दे. आला तर बाई हायेत."

मी नवा कागद घेतला आणि लिहिलं, की या पदाच्या कामात काही ठिकाणी रंग ओळखावे लागतात, डॉ. मेश्राम यांना लाल व हिरवा वेगळे ओळखता येत नाहीत, आणि अशा वेळी प्रयोगशाळा परिचर व विभागप्रमुख त्यांना साहाय्य करतील. ही बाब त्यांनी अर्जातच नमूद केली असून समितीने ती लक्षात घेऊन निवड केली आहे. शेवटचं वाक्य तितकंसं खरं नव्हतं. ते त्याच्या लक्षात आलं असणार, पण तेवढं त्यानं आम्हाला सोडलं. खाली मी माझी सही केली. प्राचार्यांनी लगेच त्यांची केली.

चंद्रपूरला हबीबभाईही आले. डॉक्टरांनी पत्र वाचलं आणि विचारलं, "परिचर कोण?" हबीबभाई पुढे झाले. डॉक्टरांनी टेबलावरचं रंगदृष्टी तपासायचं ठिपक्या-ठिपक्यांचं पुस्तक उघडून त्यांना आकडे वाचायला लावले. त्यांनी शाळेतल्या पोरासारखे हात बांधून सगळे वाचले. डॉक्टरांनी फॉर्मवर लिहिलं, 'या पदासाठी पात्र'. मार्चच्या शेवटच्या दुपारी, कार्यालयातले बाबू कपाटाला कुलूप लावायच्या बेतात असताना, मेश्राम रुजू झाला.

तो आठ वर्षं राहिला. ती वर्षं आठवली की मला ती काळी खोली आठवते. आत मिणमिणता दिवा, बाकावर ओळीनं बसलेली माणसं, धान कापून आलेल्या बाया, शाळेची पोरं, कधी एटापल्लीकडून आलेली माडिया आदिवासी माणसं, ज्यांच्याशी बोलायला दुभाषा लागे. मेश्राम हळू आवाजात विचारी, "आता काय दिसते?" माणसं आधी लाजत, मग सांगायला लागत. आपल्याला काय दिसतं हे त्यांना आजवर कुणी विचारलेलंच नसे. आणि मध्येच हाक येई, "हबीबभाऊ, ही तार?" "हिरवी." "अन् ही?" "लाल हाय, साहेब. हात नका लावू."

शनिवारी सकाळी तो काळीपिवळीनं शाळांतून फिरे. एकदा मी बरोबर होते. सिंदेवाहीच्या बाजूची एक शाळा. झाडाची पानं तपकिरी रंगवतो म्हणून रोज मार खाणारा एक मुलगा त्या दिवशी मेश्रामच्या पुस्तकातले ठिपक्यांचे आकडे वाचू शकला नाही. मेश्रामनं गुरुजींना बाजूला घेऊन समजावलं. गुरुजी वर्गात परत आले, सगळ्यांसमोर त्या मुलाच्या बाकापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "बापू, माहं चुकलं." मुलाला काही कळलं नाही.

पुढे हैदराबादच्या एका संस्थेनं त्याला बोलावलं. मोठं काम होतं. मीच त्याला म्हटलं, जा. त्याच्या जागी माणूस मिळाला नाही, यथावकाश पद गेलं. काळ्या खोलीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवू लागले. हबीबभाई निवृत्त झाले, प्राचार्य गेले. मेश्रामचा दिवाळीला फोन येतो. वाईट वाटायचं ते वाटून गेलं. आठ वर्षं ती खोली चालली, हे काही कमी नव्हे.

पण मिरचीचे दिवस आले की मला मुलाखत आठवत नाही, डॉक्टर आठवत नाहीत. तो रुजू झाल्यानंतरचा पहिला रविवार आठवतो. त्याची आई, पार्बताबाई, गावाहून आली होती. लेक काय काम करतो ते तिला बघायचं होतं. हबीबभाईंनी कॉलेज उघडलं. ती बारीकशी, उन्हानं रापलेली बाई. माझ्यासाठी तिनं लाखोळीची डाळ आणली होती. काळ्या खोलीच्या दारात तिनं चपला काढून ठेवल्या.

मेश्रामनं दिवा लावला, यंत्रं दाखवली, समजावून सांगितलं. ती मान हलवत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तिकडं आंध्रात यानं टोपलीभर हिरवी मिरची तोडून आणली होती. मुकादम बोलला मले. मी याले तुरीच्या काडीनं मारलं. लय मारलं. मले वाटे, पोट्टा मस्ती करून राह्यला. मंग दोन दिसानं समजलं, याले दिसतच नाई."

हातानं शिकवल्याचं त्यानं समितीला सांगितलं होतं. हे नव्हतं सांगितलं.

"मले आठवत नाई, माय," तो म्हणाला.

मग तिनं विचारलं, "तवा मी हिरवं लुगडं नेसो. ते तुले कसं दिसे?"

"मातीच्या रंगाचं."

"अन् हे?"

तिच्या अंगावर नवं, गडद निळं लुगडं होतं. त्यानं दिवा जरा तिच्या बाजूला वळवला.

"निळं," तो म्हणाला. "निळा रंग मले पुरा दिसते, माय. तुले दिसते तसाच."

तिनं पदर हातात धरून पाहिला, दोन्ही बाजूंनी, आणि म्हणाली, "मंग ठीक आहे."

पुढच्या आठ वर्षांत ती किती वेळा आली असेल, त्याला मोजमाप नाही. कधी बाजाराला, कधी त्याचा स्वयंपाक करून ठेवायला, कधी नुसतीच. ऐन उन्हात बसमधून उतरून ती गर्दीतून चालत यायची, आणि तो कॉलेजच्या फाटकातून तिला लांबूनच ओळखायचा. त्या सगळ्या वर्षांत मी तिला निळ्याशिवाय दुसऱ्या रंगाच्या लुगड्यात कधी पाहिलं नाही.